वादळ, छत आणि पुरावा

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग आणि पलीकडे मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, पत्रे शेजारच्या आवारात जाऊन पडले. मग आठ-दहा दिवसांतच मोसमी पाऊस आला. उघड्या पडलेल्या घरांवर आधी वादळाचा पाऊस कोसळला आणि पाठोपाठ नेहमीचा. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातकडे गेलं आणि सिंधुदुर्गापासून मुंबईपर्यंत पुन्हा छपरं उघडी पडली. घराच्या छतावर उमटलेला डाग यातल्या कोणत्या पावसाचा, हा प्रश्न घरमालकाला त्या वेळी सुचतही नाही. विम्याच्या दाव्यात मात्र सगळं त्याच प्रश्नावर येऊन थांबतं.

छत गळाल्यावर लोक पहिला फोटो डागाचा काढतात आणि बहुतेक वेळा तेवढाच काढतात. डागाचा फोटो एवढंच सांगतो की इथे पाणी आलं होतं. ते कुठून आलं, कधी आलं आणि त्याच्या आधी छत कसं होतं, यातलं काहीही तो सांगत नाही. दावे नुकसानीच्या रकमेवर कमी अडतात आणि कारणावर जास्त. नकाराच्या पत्रांत ‘दीर्घकालीन गळती’, ‘देखभालीचा अभाव’, ‘नैसर्गिक झीज’ असे शब्द असतात ते यामुळेच. म्हणून पुरावा गोळा करायचा तो पाण्याच्या वाटेचा: बाहेर वाऱ्याने काय मोडलं, तिथून पाणी आत कसं शिरलं आणि शेवटी छतावर कुठे उतरलं. ही साखळी सलग दाखवता आली, तर साधा मोबाइलही पुरतो. ती तुटकी असेल, तर शंभर फोटोही अपुरे पडतात.

आधी पॉलिसी काय म्हणते ते पाहू. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. कंपनी कोणतीही असो, या नावाच्या पॉलिसीचा गाभा एकच असतो. आग, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर आणि जलमय होणं, दरड कोसळणं, बाहेरची वस्तू आदळून होणारं नुकसान, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणं वा भरून वाहणं, अशा ठरलेल्या घटनांपासून ती संरक्षण देते. या यादीत ‘वादळ’ आहे, ‘पाऊस’ हा स्वतंत्र शब्द नाही. गच्चीचा कोबा तडकलाय, दरवर्षी जुलैत हॉलच्या कोपऱ्यात ओल येते आणि यंदाही आली, तर ती विम्यातली घटना होत नाही. तिथे पाऊस हे निमित्त असतं आणि खरं कारण असतं जुनं छत.

अमेरिकेतल्या प्रचलित घर-विम्यात घरातल्या सामानापुरतं हेच तत्त्व अगदी स्पष्ट लिहिलेलं असतं. आधी वाऱ्याच्या किंवा गारांच्या थेट माऱ्याने छताला वा भिंतीला भोक पडलं पाहिजे आणि त्या भोकातून पाऊस आत आला पाहिजे, तरच आतल्या सामानाची भरपाई मिळते. टेक्सास-फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे कलम वाचून ठेवावं. आपल्याकडच्या पॉलिसीत ते इतक्या शब्दांत नसलं, तरी दाव्याची तपासणी करणारा सर्व्हेयर मनात बराचसा हाच प्रश्न घेऊन घरात येतो. त्याला ‘भोक’ हवं असतं. उडालेलं कौल, उचकटलेला पत्रा, वाऱ्याने पडलेली टाकी, मोडलेलं झाड, फुटलेली काच, यांपैकी काहीतरी.

झाडाच्या बाबतीत एक गोष्ट कोकणातल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. पोफळ किंवा माड छपरावर पडला, तर ते ‘आदळून झालेलं नुकसान’ या वेगळ्या घटनेतही बसतं, कारण या पॉलिसीत पडणाऱ्या झाडांचा उल्लेख आहे. वादळाचा वेग किती होता, हा वाद मग राहतच नाही. पण वादळानंतर आपण पहिली गोष्ट करतो ती झाड तोडून रस्ता मोकळा करण्याची. तोडण्यापूर्वी झाड छपरावर आहे त्या अवस्थेत, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, चार बाजूंनी फोटो काढा. त्याला पाच मिनिटं लागतात. दुपारपर्यंत झाडाचे ओंडके झालेले असतात आणि मग छपराला पडलेल्या खड्ड्याचं कारण सांगायला तुमच्या तोंडच्या शब्दाखेरीज काही उरत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सगळ्यात आधी वीज. स्लॅबच्या घरात पाणी बहुधा विजेच्या नळ्यांमधून वाट काढतं आणि पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या होल्डरमधून ठिबकतं. त्या खोलीचा एमसीबी खाली करा, मगच कॅमेरा उचला. पीओपीचं किंवा जिप्समचं छत पोटासारखं फुगलेलं दिसलं, तर त्यात पाणी साठलंय असं समजा आणि त्याखाली उभे राहू नका. फुगवट्याचा फोटो बाजूने, टॉर्चचा उजेड तिरका टाकून काढा. समोरून फ्लॅश मारला की फुगवटा सपाट दिसतो. त्यानंतर खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून लांब दांड्याने टोचून पाणी काढलं तर चालतं, उलट ते काढावंच. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीधारकाची जबाबदारी असते. ताडपत्री घालणं, सामान हलवणं, साठलेलं पाणी काढणं यासाठी सर्व्हेयरची वाट पाहायची नसते. फक्त क्रम सांभाळा: आधी फोटो, मग तात्पुरती डागडुजी, मग डागडुजीचा फोटो आणि ताडपत्री-दोरीची पावती.

फोटोंपेक्षा मला एका सलग व्हिडिओचा भरवसा जास्त वाटतो. रस्त्यावरून सुरुवात करावी. घराचा दर्शनी भाग, शक्य असेल तर घर क्रमांक किंवा सोसायटीची पाटी. मग छप्पर, जिथे कौलं गेली ती जागा, खाली पडलेले तुकडे. न थांबता आत यावं, माळ्यावर जावं, तिथून वर आभाळ दिसत असेल तर ते दाखवावं. भिजलेला वासा, त्यावरून रिपेपर्यंत गेलेला ओघळ, माळ्याच्या फळ्यांवर साचलेलं पाणी. मग खाली उतरून त्याच फळ्यांच्या बरोबर खालचं छत, भिंतीवर उतरलेले ओघळ, खाली भिजलेलं कपाट. कॅमेरा बंद न करता तोंडाने तारीख, वेळ, खोली आणि दिशा सांगत राहावं. बाहेरचं भोक आणि आतला डाग यांचा संबंध असा व्हिडिओ एका दमात दाखवतो. वेगवेगळ्या फोटोंत तो संबंध तुम्हाला शब्दांनी जोडावा लागतो.

त्यानंतर जवळचे फोटो. प्रत्येक डागाचे तीन: दारात उभं राहून अख्ख्या खोलीचा, मग अर्ध्या अंतरावरून, मग अगदी जवळून मोजपट्टी धरून. कागदावर खोलीचा साधा नकाशा काढावा, डागांना क्रमांक द्यावेत आणि तेच क्रमांक फोटोंना. चार-सहा महिन्यांनी फाईल उघडणाऱ्या अधिकाऱ्याला ‘बेडरूम 2, खिडकीच्या वर, डाग क्रमांक 3’ हे समजतं. ‘हा पण बघा’ एवढं लिहून पाठवलेला फोटो कोणालाच समजत नाही.

मोबाइलच्या फोटोत वेळेची आणि बहुधा जागेचीही नोंद आपोआप दडलेली असते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ही नोंद निघून जाते आणि फोटोही दाबला जातो. मूळ फाईल फोनमध्ये तशीच ठेवा, एक प्रत दुसरीकडे साठवा, पाठवायचा असेल तर ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. उजेड वाढवणं, कातरणं, लाल बाण काढणं हे मूळ फाईलवर करू नका, प्रतीवर करा. प्रकरण पुढे ग्राहक आयोगापर्यंत गेलं तर मूळ फाईल आणि ती कोणी, कोणत्या फोनवर काढली, हे सांगता आलं पाहिजे.

जुना डाग आणि नवा डाग यांत फरक कसा करतात, हे घरमालकालाही ठाऊक असावं, कारण सर्व्हेयर पहिल्यांदा तेच बघतो. दरवर्षी भिजून वाळणाऱ्या डागाला एकात एक तपकिरी कडा येतात. त्याभोवती पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पोपडे कुरळे होऊन सुटलेले असतात, बुरशी काळी आणि मुरलेली असते. स्लॅबमधली सळई गंजून फुगली असेल, तर ते काम एका वादळाचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. ताज्या डागाची कड एकच असते, पृष्ठभाग बोटाला ओला लागतो, रंग अजून चिकटून असतो किंवा पाण्याने फुगा धरलेला असतो. पत्र्याच्या घरात हुकाचे बोल्ट बघतात. वर्षानुवर्षं गंजून सुईसारखा बारीक झालेला बोल्ट आणि वाऱ्याच्या जोराने ताजा, चकचकीत तोंडाने तुटलेला बोल्ट यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. म्हणून तुटलेले बोल्ट, वायसर, कौलाचे तुकडे, छताचा गळून पडलेला गिलावा हे फेकू नका. पिशवीत भरून, कुठे सापडलं ते चिठ्ठीवर लिहून ठेवा.

हे सगळं घरमालकाच्या विरुद्धही जाऊ शकतं आणि जायलाच हवं तिथे जावं. जुनी ओल असेल तर ती लपवू नये. ‘या कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वी गळती होती, तेव्हा वॉटरप्रूफिंग करून घेतलं, हे त्याचं बिल, त्यानंतर वादळापर्यंत तिथे ओल नव्हती’ असं सांगणारा माणूस सर्व्हेयरला विश्वासाचा वाटतो. घाईघाईने रंग मारून जुना डाग झाकणारा माणूस पकडला गेला, तर त्याचा खरा दावाही बुडतो, कारण खोट्या माहितीवर अख्खा दावा फेटाळायची मुभा पॉलिसी कंपनीला देते.

म्हणजे सगळ्यात मोलाचा पुरावा वादळाच्या आधीचा. आपल्याकडे तोच नसतो. मे महिन्यात कौलं शाकारताना किंवा गच्ची साफ करताना काढलेले पाच-दहा फोटो, वॉटरप्रूफिंगचं आणि रंगकामाचं बिल, सुताराला किंवा पत्रेवाल्याला ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद, हे सगळं एका पाकिटात असावं. लग्नकार्याच्या, वाढदिवसाच्या फोटोंत मागे छत दिसतं, तेही चालतं. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम 353 ब नुसार संरचनात्मक तपासणी करावी लागते. त्या अहवालात वरच्या स्लॅबबद्दल काय म्हटलंय ते काढून ठेवावं. अहवाल चांगला असेल तर तो तुमचा साक्षीदार आहे, आणि वाईट असेल तर दावा करण्याआधीच तुम्हाला ते माहीत असलं पाहिजे.

वादळ झालं होतं याचा पुरावा वेगळा. चक्रीवादळ नाव घेऊन येतं तेव्हा हा प्रश्न सोपा असतो. अडचण असते ती मेच्या शेवटी येणाऱ्या वळवाच्या किंवा ऑक्टोबरातल्या वादळी पावसात, जो एका गावाला झोडपतो आणि शेजारच्या गावाला कोरडं ठेवतो. भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळेची नोंद मागता येते, पण वेधशाळा तुमच्या घरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर असू शकते. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत. त्यांची नोंद जास्त जवळची असते. पावसाच्या दैनंदिन आकड्यांत एक बारकावा आहे. हवामान विभागाचा ‘दिवस’ सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे 3 तारखेला संध्याकाळी पडलेला पाऊस 4 तारखेच्या आकड्यात दिसतो. दाव्यात 3 जून लिहिलं आणि 3 जूनचा आकडाच जोडला, तर पुरावा तुमच्याच विरुद्ध बोलतो. याच्या जोडीला स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी, महावितरणचा वीज गेल्याचा संदेश, शेजाऱ्याच्या पडलेल्या छपराचा फोटो ठेवा. शेजारच्या पाच घरांचीही कौलं त्याच दुपारी गेली असतील, तर तुमच्या देखभालीवर ठपका ठेवणं अवघड होतं.

गावाकडे वादळानंतर तलाठी पंचनामा करतो. या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी असं झालंय. हा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. ती मदत आणि विम्याची भरपाई या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, तरीही लोक एक मिळाली की दुसरी सोडून देतात. 2022 ते 2026 या काळासाठीच्या आपत्ती मदतनिधीच्या केंद्रीय निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये आणि कच्च्या घराला 4,000 रुपये आहेत. राज्य सरकार कधी कधी यात भर घालतं. निसर्गच्या वेळी घातलीही. पण ही सहाय्याची रक्कम आहे, दुरुस्तीचा खर्च नव्हे. पंचनाम्यात मात्र बहुतेक वेळा ‘वादळाने घराचे अंशतः नुकसान’ एवढी एकच ओळ येते आणि पुढे एक अंदाजी आकडा. सही करण्यापूर्वी विनंती करा की किती कौलं किंवा पत्रे गेले, कोणत्या खोल्यांत पाणी आलं आणि कशामुळे, हे लिहावं. आकड्यासमोर ‘अंदाजे’ हा शब्द असावा, म्हणजे तोच आकडा उद्या विम्याच्या दाव्याची कमाल मर्यादा म्हणून कोणी पुढे करणार नाही. प्रत मागून घ्या. मिळाली नाही तर माहिती अधिकाराच्या अर्जाने मिळते. त्याचं शुल्क 10 रुपये आणि मुदत 30 दिवस.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आणि गावी बंद घर असणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. 2020 च्या जूनमध्ये टाळेबंदीमुळे शेकडो चाकरमान्यांना आपलं घर उभं आहे की पडलं हेही लवकर कळलं नाही. गृह रक्षा पॉलिसीत नुकसान लक्षात आल्यावर लगेच कळवायचं आणि नुकसान प्रथम लक्षात आल्यापासून 30 दिवसांत दाव्याचा अर्ज द्यायचा, अशी अट आहे. म्हणून शेजाऱ्याचा फोन आला ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा, फोनमधली ती नोंद पुसू नका आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. आपण स्वतः गावी गेल्यावर कळवू, असा विचार करू नका. शेजाऱ्यालाच फोटो काढायला सांगा, मूळ फाईल त्याच्याकडे राहू द्या आणि त्याचं नाव अर्जात द्या. घर जास्त काळ बंद राहणार असेल, तर त्याविषयी पॉलिसीत काय म्हटलंय ते घेतानाच वाचा आणि कंपनीला लेखी कळवून ठेवा.

फ्लॅटधारकांचा प्रश्न छप्पर कोणाचं इथून सुरू होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, छत यांची दुरुस्ती आणि जोराच्या पावसाने होणारी गळती ही संस्थेची जबाबदारी आहे. वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून गळत असेल तर तो त्या सदस्याचा विषय. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या सदस्याने एकाच दिवशी दोन पत्रं द्यावीत, एक आपल्या विमा कंपनीला आणि दुसरं सोसायटीच्या सचिवाला, पोच घेऊन. सोसायटीची इमारतीची पॉलिसी असेल तर स्लॅबची दुरुस्ती तिच्यातून मागता येते आणि आतला रंग, फॉल्स सीलिंग, सामान तुमच्या पॉलिसीतून. दोन्ही दाव्यांत एकच वस्तू दोनदा मागू नये. गच्चीवर जाऊन फोटो काढायला सचिवाची चावी लागते, ती पहिल्याच दिवशी मागावी. चार दिवसांनी गच्चीवरचा उडालेला पत्रा कोणीतरी भंगारात दिलेला असतो आणि साखळीची पहिली कडीच नाहीशी होते. ब्रिकबॅट कोब्याच्या गच्चीत पाणी मुरून राहतं आणि वादळानंतर दोन-तीन दिवसांनी खाली ठिबकायला लागतं, हेही अर्जात लिहा. नाहीतर ‘वादळ सोमवारी, गळती गुरुवारी’ यावर आक्षेप येतो. पहिल्या थेंबाची वेळ टिपून ठेवलेली असेल तर उत्तर देता येतं.

रकमेबद्दल थोडक्यात. गृह रक्षा पॉलिसीत घराची किंमत बाजारभावाने धरत नाहीत. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर, असा हिशेब असतो आणि जमिनीची किंमत त्यात येत नाही. तुम्ही क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार खरा सांगितला असेल, तर विमा कमी रकमेचा होता म्हणून दावा प्रमाणात कापला जात नाही. जुन्या पॉलिसींत ही कपात नेहमीची होती, म्हणून हा बदल मोठा आहे. घराच्या विम्यासोबत सर्वसाधारण सामानाला घराच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. मलबा हलवण्याचा खर्च दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि अभियंता-वास्तुविशारदाची फी 5 टक्क्यांपर्यंत मागता येते. ही दोन कलमं बहुतेक लोक मागतच नाहीत. कर्ज घेताना बँकेने काढलेली पॉलिसी असेल, तर तिची प्रत आजच मागवा. अनेकांना आपल्या घराचा विमा आहे हेच वादळानंतर कळतं.

कंत्राटदाराचं अंदाजपत्रक ‘छत दुरुस्ती, एकूण 85,000’ असं एका ओळीचं नको. गिलावा किती चौरस फूट, प्रायमर-पुट्टी-रंगाचे किती हात, फॉल्स सीलिंगचं क्षेत्रफळ, वायरिंगचे पॉइंट, कौलं-पत्रे नग आणि दर, मजुरी वेगळी, असं हवं. मोठ्या वादळानंतर पत्र्यांचे आणि कौलांचे भाव भडकतात, मजूर मिळत नाहीत. त्या आठवड्याचा दर त्याच आठवड्याच्या दोन दुकानांच्या कोटेशननी दाखवता येतो. रंग मात्र घाईने मारू नका. पावसाळ्यात भिजलेला गिलावा वाळायला कित्येक आठवडे लागतात आणि ओल्यावर दिलेला रंग दिवाळीआधीच पापुद्रे सोडतो. वाळण्याच्या काळात त्याच जागेवरून काढलेले दर आठवड्याचे फोटो हाही पुरावाच आहे. वादळानंतर छत बंद केल्यावर डाग वाळत गेला आणि पुन्हा ओला झाला नाही, म्हणजे कारण ते भोकच होतं.

ठरलेल्या मर्यादेवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेयरची पाहणी 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 64 यूएम मुळे सक्तीची आहे. नियामकाच्या जून 2024 च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा, अशी मुदत आहे. अहवाल वेळेत मिळवणं ही कंपनीची जबाबदारी आहे, तुमची नव्हे. सर्व्हेयर येईल तेव्हा घरात असा माणूस हवा ज्याने ते नुकसान घडताना पाहिलंय. छपरावर जायला शिडी तयार ठेवा. सर्व्हेयर खालूनच छत बघून निघाला, तर नम्रपणे वर चलण्याचा आग्रह धरा आणि तरीही तो गेला नाही, तर त्याच संध्याकाळी ईमेलने नोंद करा: ‘आज पाहणी झाली, माळा आणि छप्पर पाहिलं गेलं नाही, त्याचे फोटो सोबत जोडत आहे.’ पुढे वाद झाला तर ही एक ओळ फार उपयोगी पडते. अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती हातात येईपर्यंत ‘अंतिम आणि पूर्ण समाधानाने रक्कम स्वीकारली’ अशा पावतीवर सही करू नका.

सर्व्हेयरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर खरा दावा फेटाळू नये, अशी सूचना नियामकाने सप्टेंबर 2011 मध्येच कंपन्यांना दिली होती, आणि गाडीचोरीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानेही 2017 आणि 2020 साली तीच भूमिका घेतली. म्हणजे उशीर झाला असेल तर तो का झाला हे कागदोपत्री सांगा आणि दावा करा. घरी बसू नका.

नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा, सोबत ‘बीमा भरोसा’ या नियामकाच्या पोर्टलवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. राज्यात मुंबई आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालयं आहेत. 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात, निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाची वाट खुली राहते. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. लोकपालाकडे मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षातच तक्रार गेली पाहिजे. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. नकाराचं पत्र कपाटात ठेवण्याआधी त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.